गांबिया, एक आठवडा आणि एक ड्रायव्हर-गाईड: पैसे कुठे वसूल झाले, कुठे नाही

फेब्रुवारीच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, इंग्लंडातून ऊन शोधत निघायचं म्हटलं की आपल्या लोकांची यादी ठरलेली, टेनेरिफे नाहीतर दुबई नाहीतर सरळ घरी पुण्याला. आम्ही यंदा गांबियाला जाऊन आलो आणि तेव्हापासून ओळखीपाळखीचे सगळे तेच तेच विचारतायत, नक्की कुठे आहे ते, सेफ आहे का, व्हेज मिळतं का, कोणाकडून बुक केलं. म्हणून सविस्तर लिहिते. हॉटेलबद्दल थोडंच लिहीन, हॉटेल काय कुठेही मिळतं, हा रिव्ह्यू मुख्यतः आमच्या ड्रायव्हर-गाईडचा आहे, कारण गांबियात आठवडाभराची ट्रिप मस्त होणार की डोक्याला ताप होणार हे त्या एका माणसावर ठरतं असं माझं स्पष्ट मत झालंय.

आधी देश कुठे ते. आफ्रिकेच्या नकाशात डावीकडे जो फुगवटा आहे तिथे सेनेगल, आणि सेनेगलच्या पोटात शिरलेली बारीक पट्टी म्हणजे गांबिया. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात छोटा देश, क्षेत्रफळ साधारण ११,३०० चौरस किलोमीटर म्हणजे तीन गोवे मावतील एवढं, लोकसंख्या २४ लाखांच्या आसपास. मधून गांबिया नदी वाहते आणि तिच्या दोन्ही काठांची थोडी थोडी जमीन, बस, एवढाच देश. ब्रिटिशांच्या गनबोटीवरून तोफेचा गोळा जिथवर पोचला तिथवर सीमा आखली अशी गोष्ट तिथे सांगतात, आमच्या गाईडनेही सांगितली, आणि आमची तोंडं बघून हसत स्वतःच म्हणाला की ही टुरिस्टांसाठीची गोष्ट, खरं तर १८८९ साली इंग्रज आणि फ्रेंचांनी आपापसात करार करून रेघ मारली. १९६५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, कामकाजाची भाषा इंग्रजी, त्यामुळे बोलण्याची अडचण शून्य. सेफ आहे का, तर रात्री बीचवर एकटं फिरू नका आणि समुद्रात लाल झेंडा असेल तर उतरू नका (करंट खरंच ओढतो), एवढं पाळलं तर बाकी आम्हाला कुठेच भीती वाटली नाही. २२ वर्षं सत्तेवर असलेले याह्या जामे २०१६ ची निवडणूक हरले आणि जानेवारी २०१७ मध्ये देश सोडून गेले, त्यानंतर लोक मोकळेपणाने बोलतात, टॅक्सीतसुद्धा राजकारणावर वाद चालू असतात, ऐकायला मजा येते.

इंग्लंडातून जाण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे हिवाळ्यात गॅटविकहून सहा तासांची डायरेक्ट फ्लाइट आणि घड्याळात एक मिनिटाचाही फरक नाही. पोरगं पहिल्याच रात्री वेळेवर झोपलं, दुबईला हे कधी होत नाही. प्लगसुद्धा आपलेच तीन चौकोनी पिनांचे. ब्रिटिश पासपोर्टला छोट्या ट्रिपसाठी व्हिसा लागत नाही. एअरपोर्टवर येताना २० डॉलर आणि जाताना २० डॉलर सिक्युरिटी फी माणशी भरावी लागली, तेव्हा सुट्ट्या डॉलरच्या नोटा पाकिटात वेगळ्या ठेवा, परतीच्याही. भारतातून डायरेक्ट काही नाही, इस्तंबूल किंवा कासाब्लांका किंवा ब्रसेल्स करून यावं लागतं, त्यामुळे भारतातून फक्त आठवड्यासाठी यायचं असेल तर मी म्हणेन राहू द्या, प्रवासातच जीव जाईल.

आता लसीचं, आणि हे नीट वाचा, कारण पुढे भारतात जायचं असणाऱ्यांची गोची इथेच होते. गांबिया यलो फीव्हरच्या देशांत मोडतो. इंग्लंडला परत येताना कोणी काही विचारत नाही, पण गांबियातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि ते पिवळं लसीचं कार्ड तुमच्याकडे नसेल तर तुम्हाला क्वारंटाइनमध्ये टाकू शकतात, मग तुमच्या चुलत बहिणीचं लग्न असो नाहीतर मुंज. कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी व्हॅलिड होतं, तेव्हा आदल्या आठवड्यात जाऊन उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढच्यांना डॉक्टर ही लस विचार करूनच देतात, त्यामुळे आई-बाबांना घेऊन जायचा बेत असेल तर तिकिटं काढायच्या आधी जीपीशी (फॅमिली डॉक्टरशी) बोला. मलेरियाच्या गोळ्या पण घ्यायच्याच, आमच्या गोळ्या जायच्या आदल्या दिवशी सुरू करून परत आल्यावर आठवडाभर चालू ठेवायच्या होत्या. फेब्रुवारी कोरडा सीझन आहे, डास कमी असतात, पण कमी म्हणजे नाहीतच असं नाही, आणि ओडोमॉसवर भागेल असं समजून जाऊ नका, पन्नास टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं काहीतरी न्या.

हॉटेल. राजधानी बांजुल, पण टुरिस्ट तिथे राहत नाहीत, सगळी हॉटेलं बकाऊ, फजारा, कोतू, कोलोली अशी समुद्राच्या कडेने. कोलोलीतल्या सेनेगांबिया स्ट्रिपवर रात्रभर म्युझिक, बार, इंग्लिश ब्रेकफास्ट, युरोपातल्या आजीबाई आणि त्यांच्या हातात हात घालून फिरणारे विशीतले तरुण, ज्याचं त्याचं आयुष्य, पण मुलं बरोबर असतील तर प्रश्नांची तयारी ठेवा. आम्ही कोतूला एका छोट्या लॉजवर होतो. खोल्या साध्या, मच्छरदाणी धड, नाश्त्याला तापालापा नावाचा लांब कडक पाव, जो गरम असताना अप्रतिम लागतो आणि गार झाल्यावर दात काढतो. वीज जाते, जनरेटर लागायला पाचेक मिनिटं. वायफायचा फक्त पासवर्ड आहे, वायफाय नाही. बागेत गिधाडं. हो, खरीखुरी, हूडेड व्हल्चर, आपल्याकडे जनावरांच्या डायक्लोफेनॅकपायी गिधाडं दिसेनाशी झाली आणि इथे ती स्विमिंग पूलच्या भिंतीवर रांगेत बसून आमच्या टोस्टकडे बघत होती. लॉजला पाचपैकी तीन, पुढे चला.

तर ड्रायव्हर-गाईड. नाव आणि नंबर त्याला न विचारता इथे टाकणार नाही, आपण भाऊ म्हणू. हा आम्हाला मिळाला माझ्या ऑफिसातल्या एका कलीगमुळे, ती दरवर्षी जाते. जायच्या महिनाभर आधीपासून व्हॉट्सअॅपवर बोलणं चालू होतं. मी माझ्या सवयीने एक एक्सेल शीट पाठवली, रोज काय काय ते तासावार लिहिलेलं. त्यात मधले दोन दिवस नदीने वर जायचं होतं, जांजांबुरेला, तिथून जवळ वासूची दगडी वर्तुळं (युनेस्कोच्या यादीत २००६ पासून), आणि वाटेत नॅशनल पार्कमधल्या बेटांवरचे चिंपांझी. भावाने शीट बघितली आणि अर्ध्या तासाची व्हॉइस नोट पाठवली. अर्धा तास! त्यातली पहिली पाच मिनिटं नुसती विचारपूस, घरचे कसे, मुलगा कसा, इंग्लंडात थंडी किती. मग मुद्दा असा की बॉस लेडी, तुम्ही थोड्या दिवसांसाठी येताय, जांजांबुरे किनाऱ्यापासून ३०० किलोमीटर, जायला एक अख्खा दिवस, यायला एक अख्खा दिवस, चिंपांझींच्या बेटांवर उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचे, दिसले तर दिसले. मुलगा गाडीत कंटाळेल, तुम्ही धुळीने खोकाल, आणि परत जाऊन सांगाल गांबियात नुसते रस्ते आहेत. हे दोन दिवस काढून टाका, पुढच्या वेळी दहा-बारा दिवस घेऊन या, तेव्हा मीच नेईन.

लक्षात घ्या, ती दोन दिवसांची ट्रिप हेच त्याचं सगळ्यात मोठं बिल होतं. ते त्याने स्वतःहून खोडलं. माझ्या लेखी पाचपैकी चार स्टार तिथेच झाले. याउलट दोन-तीन मोठ्या एजन्सींना मी तीच शीट पाठवली होती, सगळ्यांचं उत्तर अर्ध्या तासात, येस मॅडम, सगळं होईल, माणशी इतके पौंड.

पैशाचं आधीच लिहून घेतलं होतं. दिवसाचा रेट, गाडी, पेट्रोल आणि तो स्वतः धरून, साडेचार-पाच हजार दलासी, म्हणजे आमच्या वेळच्या भावाने पन्नास-पंचावन्न पौंड, अख्ख्या गाडीचे, माणशी नाही. एन्ट्री फी, फेरी, होडी, जेवण आपलं आपण. ड्रायव्हरचं जेवण कोण देणार हे मी विचारलं तर तो म्हणाला तुम्ही जिथे बसाल तिथे मी बसणार नाही, मी माझ्या लोकांत जेवेन, काळजी करू नका. दलासी इंग्लंडात मिळत नाही, तिथे पोचल्यावरच बदलायचे, आणि सगळ्यात मोठी नोट २०० ची, त्यामुळे दोनशे पौंड बदलले की हातात विटेएवढं बंडल येतं आणि क्षणभर आपण बिल्डर असल्यासारखं वाटतं. एटीएम आहेत, पण एका वेळी थोडेच पैसे देतात आणि प्रत्येक वेळी चार्ज लावतात. रोख पौंड नेलेले बरे.

भाऊ बरोबर असण्याचा खरा उपयोग पहिल्याच संध्याकाळी कळला. स्ट्रिपवर आणि बीचवर बम्स्टर म्हणतात अशी पोरं असतात, हाय माय फ्रेंड, मला ओळखलं नाही का, मी तुमच्या हॉटेलात काम करतो, पासून सुरू होतं आणि अर्धा किलोमीटर संपत नाही. वाईट नसतात, नोकऱ्या नाहीत म्हणून हे, पण वैताग येतो. भाऊ दिसला की दोन शब्द वोलोफमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, बोलायचा आणि पोरं हसत बाजूला. त्याने आम्हाला एक गोष्ट शिकवली जी कुठल्याच गाईडबुकापेक्षा कामाची निघाली, ती म्हणजे कुठल्याही दुकानात, टॅक्सीत, चेकपोस्टवर तोंड उघडताना आधी सलाम अलेकुम, मग नांगा देफ (कसे आहात), मग समोरच्याच्या मांगी फी रेकची (मी मजेत) वाट बघायची, आणि त्यानंतर काय ते काम सांगायचं. नवऱ्याने सेरेकुंडाच्या बाजारात हे न करता सरळ हाऊ मच विचारलं तर बाईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तोच आंबा माझ्या मुलाने सलाम करून विचारला तर एकावर एक फुकट.

टॅक्सीचं पण सांगून ठेवते, भाऊ नसेल तेव्हा उपयोगी पडेल. हिरव्या टॅक्सी टुरिस्टांच्या, हॉटेलबाहेर रेटचा बोर्ड असतो, महाग. पिवळ्या टॅक्सी लोकांच्या, शेअरमध्ये चालतात, हॉटेलांच्या गेटपासून थोडं चालत जाऊन पकडाव्या लागतात, आणि एकट्याने अख्खी हवी असेल तर टाऊन ट्रिप म्हणायचं आणि बसायच्या आधी भाव ठरवायचा.

आता काय काय बघितलं, आणि कुठे वेळ सत्कारणी लागला. सकाळी उजाडताना कोतू क्रीकच्या पुलावर पक्षी. गांबियात पाचशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदलेत आणि त्यातले बरेच या चिमुकल्या किनारपट्टीवर हॉटेलपासून चालत जाऊन दिसतात, इथे नवऱ्याचा दुर्बिणीचा छंद पहिल्यांदा आम्हाला न रडवता पुरा झाला. भाऊ प्रामाणिकपणे म्हणाला मला पक्ष्यांतलं काही कळत नाही, आणि पुलाजवळ बर्ड गाईड लोकांची चौकी असते तिथल्या एका माणसाच्या हवाली केलं, त्याचे वेगळे पैसे. काळा-पांढरा खंड्या हवेत एका जागी थरथरत उभा राहून पाण्यात सूर मारतो ते मुलाने अगदी जवळून बघितलं, निळ्या पोटाचा रोलर, आणि कॉर्डन-ब्लू नावाची अंगठ्याएवढी निळी मुनिया, नराच्या गालावर गुलाल लावल्यासारखा लाल ठिपका. नवरा तीन दिवस त्याच मुनियेबद्दल बोलत होता.

बकाऊचं काचिकाली म्हणजे मगरींचं पवित्र तळं, मूल व्हावं म्हणून बायका तिथलं पाणी अंगावर घ्यायला येतात, मगरी पोट भरलेल्या आणि सुस्त, लोक हात लावून फोटो काढतात. मी लावला नाही. बिजिलोच्या जंगलात माकडं, गेटवर शेंगदाणे विकायला बसतात, विकत घेऊ नका, माकडांची वाट लागते त्याने. बांजुल शहर अर्ध्या दिवसात होतं, आर्च २२ नावाची मोठी कमान, जामेंच्या २२ जुलै १९९४ च्या बंडाची आठवण म्हणून बांधलेली, आणि अल्बर्ट मार्केट. कमानीपेक्षा मार्केट भारी.

पण माझ्या लेखी सगळ्यात भारी तांजी. हे मासेमारीचं गाव आहे आणि संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला होड्या येतात. टुरिस्ट बस येते, लोक दहा मिनिटं नाकाला रुमाल लावून फोटो काढतात आणि जातात. भावाने आम्हाला तीन वाजताच नेलं, कॅमेरे पिशवीत ठेवायला लावले, आणि एका ओळखीच्या बाईच्या छपराखाली बसवलं. लांबलचक लाकडी होड्या, सगळ्या लाल-पिवळ्या-हिरव्या नक्षीने रंगवलेल्या, किनाऱ्यापासून थोड्या लांबच थांबतात कारण धक्का वगैरे काही नाही, आणि मग पोरं छातीभर पाण्यात चालत जाऊन डोक्यावर माशांचे टोप घेऊन येतात, येताना लाट आली की टोप तसाच धरून अंगावर घेतात, आणि टोपातून जे मासे पडतात ते वेचायला छोटी पोरं आणि वरून सीगल अशी दोन्हीकडून झडप. किनाऱ्यावर सगळा व्यवहार बायकांच्या हातात. ज्या बाईपाशी आम्ही बसलो होतो तिने बसल्या जागेवरून, पाठीला बाळ बांधलेलं, तीन टोपांचा सौदा केला, एकाला हाकलून दिलं, आणि मधेच मला विचारलं तुमच्याकडे हा मासा कितीला. बोंगा मासा जास्त, तो मागच्या भट्ट्यांवर धुरावर सुकवतात, त्या धुराचा वास माझ्या ओढणीला इंग्लंडला येईपर्यंत होता. तासाभराने तीच बाई म्हणाली आता काढ फोटो. तेव्हा काढले.

कालवं खाणाऱ्यांसाठी एक, बांजुलला जाताना डेंटन ब्रिज लागतो, तिथल्या कांदळवनात बायका होडीतून जाऊन मुळांवरची कालवं काढतात. ट्राय नावाची त्या बायकांची संघटना आहे, २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर प्राइझ मिळालं त्यांना, सीझन नसताना काढायचं नाही हा नियम त्या स्वतः पाळतात. सीझन मार्चपासून, म्हणजे हाफ टर्मवाल्यांचं नशीब फुटकं. मला तिथे ताजी कालवं मिळाली नाहीत आणि अजून हळहळ आहे.

जुफुरे आणि कुंटा किंते बेट हा दिवस मात्र जड आहे, सगळ्या अर्थांनी. नदीतल्या या बेटावरून माणसं जहाजात भरून अमेरिकेला विकायला नेत असत, पूर्वी जेम्स आयलंड, २०११ मध्ये नाव बदलून ‘रूट्स’ कादंबरीतल्या, गुलाम करून नेलेल्या कुंटा किंतेचं दिलं, २००३ पासून जागतिक वारसा. बेट पाण्याने झिजत झिजत आता इतकंसं राहिलंय, मोडक्या किल्ल्याच्या भिंती आणि गोरखचिंचेची झाडं. मुलाला आधी घरी थोडी कल्पना देऊन ठेवा, तिथे जाऊन समजावणं कठीण जातं. जायचे दोन मार्ग, एक टुरिस्ट बोट, महाग पण आरामात, दुसरा बांजुलहून फेरीने पलीकडे बर्राला आणि तिथून गाडीने. फेरीला गाडी चढवायची म्हणजे तासन्‌तास रांग, म्हणून भावाने स्वतःची गाडी बांजुललाच ठेवली, आम्ही चालत फेरीत बसलो आणि पलीकडे त्याच्या मावसभावाची गाडी उभी. वेळ बराच वाचला. जुफुरेशेजारच्या अल्ब्रेडाहून बेटापर्यंत छोटी होडी, लाइफ जॅकेट मागून घ्या, घातल्याशिवाय बसू नका, ओशाळायचं कारण नाही. गावात आल्कालोला, म्हणजे गावप्रमुखाला, भेटून थोडी देणगी द्यायची पद्धत आहे. तिथे मात्र पैसे मागणारे इतके अंगावर येतात की शेवटी शेवटी आम्ही नुसते गाडीकडे चालत होतो.

जेवण. व्हेज मिळतं का याचं उत्तर, मिळतं पण विचारून. बरोबरची मैत्रीण पक्की शाकाहारी, अंडंही नाही. बेनाचिन म्हणजे एका भांड्यात शिजवलेला मसालेभात समजा, भाज्यांचा सांगितला तरी त्यात सुका मासा नाहीतर चिकन स्टॉकची क्यूब पडलेली असते, कारण त्यांच्या लेखी ते मासा खाणं नव्हेच, ती चव. म्हणून नो मीट म्हणून भागत नाही, नो फिश, नो ड्राय फिश, नो चिकन क्यूब असं सगळं म्हणावं लागतं. तिला तारलं दोमोदाने. शेंगदाण्याची पेस्ट, टोमॅटो, लाल भोपळा, थोडी मिरची, लिंबू, वर पांढरा भात, अगदी आपली उपासाची दाण्याची आमटी पोटभरीची केल्यासारखी. शेंगदाणा हे तिथलं मुख्य नगदी पीक, त्यामुळे तो अस्सल असतो. माझ्यासाठी यासा, भरपूर कांदा आणि लिंबात मुरवलेला मासा. प्यायला वोंजो, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत, आणि गोरखचिंचेचं पांढरं घट्ट सरबत, ते पोटाला चांगलं असं सगळे सांगतात. साखर दोन्हीत बेसुमार.

रेस्टॉरंटपेक्षा चांगलं जेवलो भावाच्या घरी. कंपाउंडमध्ये आई, दोन भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, बकऱ्या. जमिनीवर चटई, मधे मोठं पसरट भांडं, सगळे भोवती, उजव्या हाताने, आपल्या समोरचंच खायचं आणि यजमानीण मधला मासा मोडून प्रत्येकाच्या पुढ्यात टाकते. मुलगा म्हणाला आई, इथे चमचा न मागता जेवता येतं. मैत्रिणीसाठी भोपळ्याचा दोमोदा वेगळा केला होता, क्यूब न घालता, त्याच्या आईने दोनदा खात्री करून. जेवणानंतर अताया, कोळशाच्या शेगडीवर छोट्याशा किटलीत चहा, उंचावरून या ग्लासातून त्या ग्लासात ओतत ओतत फेस आणायचा, पहिला कडू जहर, दुसरा बरा, तिसरा गोड, आणि तीन झाल्याशिवाय उठायचं नाही. दोन तास गेले. पैसे घेणार नाहीत हे दिसतच होतं, म्हणून जाताना तांदळाची गोणी नेली होती (ही आयडिया कलीगची), ती बघून त्याची आई खूश. परसात काजूची झाडं मोहरलेली, भाऊ म्हणाला कच्ची बी घ्यायला तुमचे इंडियाचे व्यापारी येतात, भाव पाडून मागतात. यावर काय बोलणार, हसलो.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. एक, गाडी चालवताना फोन. सारखा. आम्ही दोनदा सांगितलं, मग कमी झाला, बंद नाही झाला. दोन, गाडीचा एसी पहिल्या दिवशी आज थोडा त्रास देतोय असा होता आणि शेवटच्या दिवशीही आज थोडा त्रास देतोय असाच. हर्मटानची, म्हणजे सहारातून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची, धूळ असते त्या महिन्यांत, खिडकी उघडली की केसांचा रंग बदलतो. तीन, एका लाकडी मुखवट्यांच्या दुकानात न विचारता नेलं, कमिशन असणार हे उघड, मी तोंडावर विचारलं तर हो म्हणाला, दहा टक्के. निदान खोटं बोलला नाही. चार, वेळ. जीएमटी म्हणजे गांबियन मेबी टाइम हा तिथला जुना जोक आहे आणि भाऊ तो जगतो. एअरपोर्टला आणि पक्ष्यांच्या सकाळी अगदी ठोक्याला हजर, बाकी रोज अर्धा तास धरून चला.

आणि एक गोष्ट त्याला आधीच सांगून टाळली, शाळा. प्रत्येक टूरमध्ये शाळा भेट असते, चालू वर्गात टुरिस्ट घुसतात, पोरं गाणं म्हणतात, लोक गोळ्या वाटून फोटो काढतात. रस्त्यातही पोरं तूबाब, मिंटी (गोऱ्या पाहुण्या, गोळी दे) म्हणून मागे लागतात ती याच सवयीने. आपल्या मुलाच्या वर्गात असं कोणी रोज आलं तर आपण प्रिन्सिपलकडे जाऊ. भाऊ म्हणाला बरं झालं तुम्ही नको म्हणालात, माझ्या मुलीच्या शाळेत पण येतात.

एकूण भावाला पाचपैकी साडेचार, देशाला चार, लॉजला सांगितलेच. ज्यांना समुद्रात डुंबायचंय त्यांनी लक्षात ठेवा, फेब्रुवारीत बाहेर तीस-बत्तीस डिग्री असली तरी पाणी गार असतं, आणि बुफे, वॉटर स्लाइड, किड्स क्लब असलं काही हवं असेल तर टेनेरिफेच बरं. जून ते ऑक्टोबर पावसाळा, तेव्हा बरीच हॉटेलं बंद असतात.

नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, पण मेसेजमध्ये तारखा, माणसं किती, मुलांची वयं आणि व्हेज किती ते आधी लिहा, मी भावाला विचारून मगच देईन. डिसेंबर ते फेब्रुवारी त्याची गाडी लवकर भरते. आणि त्याच्याशी पहिलं बोलणं होईल तेव्हा रेट नंतर विचारा, आधी त्याची आई कशी आहे ते विचारा, गुडघ्याचं ऑपरेशन होणार होतं तिचं.